कोकिळाचं सायन्स

आबांच्या पायाशी दगूचा नमस्कार.

मी कोकिळाला घेऊन बैलगाडीने शहाद्याला, तिच्या शाळेत जाते आहे. भाकरी शिंकाळ्यात आहेत. खोकल्याचा काढा चुलीच्या वैलावर ठेवलाय, गरम आहे तोवर घ्या.

नातीला सायन्स नको, शिवणकाम द्या, असा निरोप आपण हेडमास्तरांना धाडलात. कोणी कोणते विषय घ्यायचे ते आज शाळेत कायम होणार आहे. मी तिला सायन्सच घ्यायला लावणार. तिला डॉक्टर व्हायचं आहे. शिवणकाम मी घरी शिकवीन. सायन्स मला कुठलं येतंय?

आपल्या लेकीच्या, सुंदरच्या बाळंतपणात डॉक्टर ओट्यापर्यंत आले होते. पुरुषमाणूस म्हणून आपण त्यांना आत येऊ दिलं नाही. आत सुंदर माझा हात धरूनच गेली. तालुक्यात बाई डॉक्टर तेव्हा नव्हती, आजही नाही.

या घरची सून झाल्यापासून मी आपल्यासमोर तोंडावरचा पदर काढला नाही, की शब्द बोलले नाही. काही सांगायचं झालं तर कोकिळाच्या तोंडून सांगितलं. आज तिच्यासाठी हेडमास्तरांपुढे मी बोलणार आहे. परत आल्यावर आपण विचारलंत, तर आपल्याशीही बोलेन.