दीड मीटरची चिमणी

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. आईचा गुडघा आहे तिथेच आहे, तक्रार मात्र पुढे सरकली आहे.

नव्या छोट्या कॅमेऱ्याला एकच लेन्स घ्यायची तर अठ्ठावीस, पस्तीस की पन्नास, असा तुझा मेसेज आला होता. उत्तर कागदावर देतेय, कारण पुढे येईल.

फिक्स लेन्सला झूम नसतं; आकडा जितका मोठा, तितकं चौकटीत कमी मावतं. पुढे-मागे व्हायचं ते आपल्या पायांनी. म्हणून वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, उभे कुठे राहणार आणि चौकटीत काय मावायला हवं? एवढं कळलं की बाकी त्रैराशिक. तू शिवलेल्या पिशव्यांचे फोटो टेबलावर काढणार, मागे सरकायला लगेच भिंत. तुला पस्तीस.

काल दाजी वर्कशॉपमध्ये आले होते.

हे वाक्य पहिलं लिहायला हवं होतं.

दाढी केलेली, आवाज गोड. "काय मेव्हणीबाई, चष्म्याचा नंबर वाढला की नाही अजून?" म्हणाले. तुझी चौकशी केली नाही, याचं मला बरंच वाटलं. पक्ष्यांचा छंद लागलाय म्हणे. लेन्स छोटी हवी, मुठीत झाकली जाईल अशी, आणि कमी उजेडात चालणारी. पक्ष्यांसाठी लोक लांबलचक झूम नेतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, झूम नको. जागा ठरलेली आहे, अंतर सात मीटर, ते बदलायचं नाही.

मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"काचेशी आली की डोक्यापासून पायापर्यंत मावली पाहिजे," ते म्हणाले.

पक्षी मावतो, ताई. मावली नाही. कोणता पक्षी, असं मी विचारलं. जरा थांबून म्हणाले, चिमणी. चौकटीची उंची? वरखाली थोडी जागा धरून दोन मीटर.

म्हणजे दीड मीटरची चिमणी. तू दीड मीटरला दोन बोटं जास्त आहेस.

तुझ्या गॅलरीच्या काचेच्या दारापासून समोरच्या इमारतीच्या जिन्याची खिडकी सात मीटरवर आहे. तू वेगळी झालीस तेव्हा सामान लावायला मी आले, तेव्हाच नजरेने मोजलं होतं. तुझा पत्ता मी आईलासुद्धा दिलेला नाही.

उत्तर पंच्याऐंशी होतं. मी एकशे पस्तीस सांगितली आणि शुक्रवारपर्यंत मागवून ठेवते म्हटलं. त्या लेन्सने तिथून तू पुरती मावली नसतीस, आणि मला चार दिवस मिळाले असते. ते मान डोलावून उठले. दारातून वळून म्हणाले, "तिला पस्तीस सांग. त्या खोलीत पन्नास पुरायची नाही."

तुझा प्रश्न मी कोणाला दाखवलेला नव्हता. तुझा फोन त्याने घेऊन दिलेला आहे. (यापुढे 'तो'च म्हणते.)

आज सकाळी बाजारातल्या कॅमेरावाल्याचा फोन आला. माझं नाव सांगून तो त्याच्याकडे गेला होता. आधी एकशे पस्तीस लावली, समोरच्या फुटपाथवरच्या बाईवर रोखून पाहिली, परत दिली. मग पंच्याऐंशी घेतली. जाताना हसून म्हणाला, "आमच्या मेव्हणीचं गणित कधी चुकत नाही."

तेव्हा शुक्रवार विसर. मला कळलंय, हे त्याला कळलंय.

मी स्वतः आले तर तो ओळखेल. ही चिठ्ठी आणणारी बाई आमच्या वर्कशॉपची मालकीण; त्याने तिला पाहिलेलं नाही. ती पिशव्यांची मोठी ऑर्डर न्यायला आल्यासारखी बोलेल, घासाघीसही करेल. तूही कर. पिशव्यांत तुझे कपडे आणि कागदपत्रं भर. गिऱ्हाइकाला गाडीपर्यंत सोडायला निघाल्यासारखी पुढच्याच दाराने उतर, आणि गाडीत बस. फोन खोलीतच राहू दे, चालू. दिवाही. कुठे जायचं ते इथे लिहीत नाही, ती गाडीत सांगेल.

काचेकडे बघू नकोस. पडदा ओढू नकोस. या वेळी तू ओढत नाहीस, हे त्याला पाठ असेल.

एवढं वाचून तुझा चेहरा बदलला असेल. हातातला कागद ऑर्डरचा आहे, ताई. हस.

तुझीच,
धाकटी