पोटच्या पोरीवानी

आई, आज ऑफिसात डोकं इतकं फिरलं की घरी येऊन चहासुद्धा न घेता तुला लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते, म्हणून सांगते. तालुक्यात सापडलेल्या, पळून आलेल्या मुलांची चौकशी करून मी बालकल्याण समितीपुढे अहवाल ठेवते. दर महिन्याला एक तक्ताही वर पाठवायचा असतो. त्यात बालतस्करीचा रकाना आहे आणि मी आल्यापासून त्यात 'निरंक'च जातं. म्हणजे आपल्याकडे पोरं कुणी विकत नाही, नेत नाही, राबवत नाही. वाचून आधी हसू येतं, मग संताप येतो.

परवा मंचरच्या एसटी स्टँडवर बारा-तेरा वर्षांची मुलगी सापडली. एका बागायतदाराच्या घरी धुणीभांडी करायची, तिथून पळालेली. बापाला उचल देऊन तिला आणलं होतं, हे तिनंच सांगितलं. आज मालकीणबाई तिला न्यायला आल्या. "पोटच्या पोरीवानी ठेवलीय ओ म्याडम. दिवाळीला माज्या पोरीला जे कापड, तेच हिला." साहेबांनी मला बाजूला घेतलं. "घर सोडून आलेली असं लिहा अन् मोकळ्या व्हा. तस्करी लिहिलं की वरून दहा फोन येतात, आकडा आला कुठून म्हणून." तसं लिहिलं असतं तर पोर संध्याकाळी पुन्हा त्याच मोरीत भांडी घासत बसली असती. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. अहो, ते तिचं घर नव्हेच!

पण त्या बाईंचं बोलणं ऐकताना मला आपलं निरगुडसरचं स्वयंपाकघर दिसत होतं. तू भाकरी थापतेस, डोंगरातल्या वाडीवरून तू कामाला आणून ठेवलेली ती मुलगी चुलीत जळण सारते, आणि मी दप्तर घेऊन दारात उभी आहे. आम्हा दोघींच्या अंगात एकाच ताग्यातला निळा फ्रॉक. "ही का येत नाही शाळेत?" मी विचारलं, तर तू उलथनं उगारलंस. "गप ऱ्हा. हितं पोटाला मिळतंय तिला, आनि काय पायजे?" जत्रेला तिची आई यायची, बाजरीचं पोतं घेऊन जायची, आणि पोर ओढ्यापर्यंत तिच्यामागं धावायची. तू तिच्यावर कधी हात उचलला नाहीस. ती तापली तेव्हा रात्रभर उशाशी बसलीस. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच तुझा जास्त राग येतो.

साहेबांचं मी ऐकलं नाही. मुलगी सध्या बालगृहातच राहणार आहे. त्या रकान्यात पहिल्यांदाच 'निरंक' न लिहिता 'एक' लिहिलं आणि तक्ता पुढं सरकवला. हे पत्र कुठं टाकणार, राहील इथंच कपाटात. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो एक लिहिला तेव्हा मी मनात दोन मोजले, आई.