आबांनी काढलेली चित्रं

माळेगाव बुद्रुक,
२० ऑगस्ट १९९७

ती. नागेशदादास,
योगिनीचा नमस्कार. आम्ही इकडं बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. तीन वर्षांत एकमेकांना चार ओळी लिहायचं जमलं नाही, त्यामुळं सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. शाळेपासून करते.

मी अजून पिंपळीलाच आहे, पहिलीच्या वर्गावर. पोरांना पुस्तकाबाहेरचं काहीतरी हवं म्हणून मी स्वाध्यायपत्रिका काढायला लागले. ठिपके जोडा, रंग भरा, चित्राची अक्षराशी जोडी लावा, असलं. स्टेन्सिल आम्ही घरी तयार करतो, हेडमास्तर बारामतीहून सायक्लोस्टाइल करून आणतात आणि आजूबाजूच्या शाळांना फुकट वाटतात. काटेवाडीच्या बाई तर कागद न्यायला मुद्दाम माणूस पाठवतात. चित्रं आबांची. जन्मभर ट्रॉल्यांवर नि पाट्यांवर रंगकाम केलेला हात तो. त्यांचा बैल असा उतरतो की पोरं कागदालाच 'हुर्र' करतात.

गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. एका बाजूला ब, क, न, घ आणि समोर बदक, कमळ, नळ, घर असं काढायचं होतं. मी घाईत स्टेन्सिल तपासली नाही. वर्गात कागद वाटले तर पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"बाई, नळ कुठाय? ह्यो तर पोरगा हाय."

खरंच, नळाच्या जागी दप्तर घेतलेला पोरगा. सगळ्या शाळांत तसाच गेलेला. घरी येऊन विचारलं, "आबा, हा कोण?"

"नागेश. न नागेशचा न्हाय व्हय?"

मला इतका आनंद झाला, दादा. वाटलं, राग गेला. लगेच तुला पत्र लिहायला बसले, 'आबांनी तुला माफ केलंय, ये' म्हणून. ते पत्र टाकलं नाही, बरं झालं. कारण दिवेलागणीला आबा दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नाग्या शाळंतनं आला न्हाय अजून. बघून ये गं जरा."

हेच लिहायचं मी टाळत होते. आबांचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. त्यांच्या लेखी तू कधी दुसरीत असतोस, कधी इंदापूरला नोकरीला. 'मला पोरगाच न्हाय' असं सगळ्यांदेखत बोलले होते, ते विसरलेत, की आठवत असून सोडून दिलंय, मला सांगता येत नाही. कधी वाटतं हे, कधी वाटतं ते. राग गेला हे खरं. पण रागाबरोबर आणखी काय काय गेलं?

आणि आता दुसरं. रागावू नकोस. सुप्रियावहिनी इथं येऊन गेल्या, गेल्या रविवारी. आमचे कागद कुणाकुणाच्या हातून त्यांच्या बालवाडीपर्यंत पोचले, खाली माझं नाव. म्हणाल्या, "म्हटलं, कागद मागायच्या निमित्तानं तरी जावं." मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. इतक्या बारीक आवाजात बोलतात, की आपल्या घरात ज्यांच्यावरून एवढं रामायण झालं त्या ह्याच का, असं वाटलं.

आबा ओट्यावर बसले होते.

"कुठल्या गं बाई तुमी?"

"इंदापूरची."

"तितं आमचा नागेश असतो. वळखता का?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "ओळखते."

"लगीन झालं म्हणं त्याचं. तुमी हुता लग्नाला?"

"होते."

"कसं झालं?"

वहिनींनी सगळं सांगितलं. देवळात झालं, माणसं थोडीच होती, जेवायला लापशी होती, नवरदेवाचा फेटा सारखा कानावर घसरत होता. आबा हसले. मग त्यांनी विचारलं,

"मी दिसलो का तुमाला तितं?"

"नाही, आबा."

"का बरं न्हवतो मी?"

वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुम्हाला बरं नव्हतं."

"आसंल," आबा म्हणाले. "न्हायतर पोराच्या लग्नाला कोण जायचं न्हाय?"

एस.टी.त बसवताना वहिनींचे डोळे भरले होते. "खोटं बोलले मी," म्हणाल्या. "घरी यांना मला हे सांगवणार नाही. तुम्हीच लिहा."

त्या खोटं बोलल्या का, हे माझं मलाच ठरवता येईना. त्यांना खरं सांगायचा सगळ्यांत जास्त हक्क होता, आणि त्यांनी तो सोडून दिला. तूही सोड, असं मी म्हणणार नाही. तुझं तू बघ.

तू आलास तर तुला नागेश म्हणतील की 'कुठलं पाव्हणं' म्हणून विचारतील, ठाऊक नाही. 'चुकलो' असं ऐकायला येणार असशील तर येऊ नकोस, दादा. काय चुकलं, तेच आता त्यांच्यापाशी उरलेलं नाही. नुसतं भेटायला येणार असशील तर ये. दिवाळीची वाट बघू नकोस.

तुझी धाकटी बहीण, आणि आता आबा कधीकधी जिला आई म्हणून हाक मारतात ती,
योगिनी