आठ बाय चारचा हट्ट

प्रिय ताई,

मशीन छोटंच घ्यायचं, हे कळवायला बाबांना मध्ये घालायची काय गरज होती? भांडण आपलं दोघांचं. त्यांना फोनवर धड ऐकू येत नाही, ते आपले ‘ताई म्हणते ते बरोबर’ एवढं बोलून मोकळे. तीन महिने मी घसा कोरडा करतोय, की लाकूड चिरायचा टेबल सॉ कोणी रोज रोज घेत नाही. घ्यायचा तर बिडाच्या टेबलाचा, दणकट, प्लायची आठ बाय चारची अख्खी शीट सरसर चिरणारा. तुझ्या शेजारचा वखारवाला धंदा गुंडाळतोय, त्याचा सॉ पाण्याच्या भावात मिळतोय. आणि तुला हवं ते घरच्या प्लगवर चालणारं, बाकावर मांडायचं मशीन. मला ते खेळणंच वाटायचं. मी परत आलो की आपण दोघं मिळून कपाटं करू, तुझ्या स्टुलांनी आणि खणांच्या पेट्यांनी काय होणार, हे माझं पालुपद तुला पाठच असेल.

तुझं मागचं पत्र खोलीवरच्या सोबत्याला वाचून दाखवलं. शेड अकरा फुटांची, आणि अख्खी शीट चिरायला मशीनच्या पुढे आठ फूट, मागे आठ फूट मोकळे लागतात. मी लिहिलं होतं, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेव. त्यावर तुझं उत्तर, ‘शीट आत येऊन भाजीत मीठ आहे का बघून जाणार का?’ तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, तुझी बहीण वकील व्हायची ती सुतार कशी झाली? पण त्याच पत्रात तू आणखी एक लिहिलं होतंस, ते वाचून हसायला आलं नाही. वखारवाल्याने पात्यामागची उभी पट्टी काढून टाकलीय, मध्ये मध्ये येते म्हणून. त्या पट्टीमुळेच चीर मिटत नाही. ती नसली की लाकूड पात्याला आवळतं आणि उलटं फेकलं जातं, थेट चालवणाऱ्याच्या पोटावर. हे मला ठाऊक असून मी तुला कळवलं, सवयीने जमतं. काय अक्कल पाजळली मी!

सांगायचं म्हणजे, गेल्या महिन्यात इथे आमच्या फर्निचरच्या कारखान्यातले कटिंगवाले काका मुलीच्या बाळंतपणासाठी घरी गेले. दोन वर्षं मी त्यांच्या मशीनमागे उभा राहून चिरलेल्या शीट झेलत होतो. फोरमनने मलाच पुढे उभं केलं. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळून पळणार. घड्याळाच्या दुकानात तीन महिने, रंगाच्या कामावर दोन, माझं बूड कुठे टेकलंय का कधी? पण पहिल्याच दिवशी दिसलं, कापाची कड जळून काळी पडतेय. मोजपट्टी लावून बघितलं, तर शीट ज्याला टेकवून सरकवतात तो गाईड मागच्या बाजूला पात्याकडे केसभर झुकलेला. दोन बोल्ट सैल केले, सरळ केला, पुन्हा आवळले. मग जो काप आला, ताई, हात फिरवला तर काचेसारखा. फोरमनने बोट फिरवलं आणि माझ्यासाठी चहा पाठवला. त्या दिवसापासून सकाळी भोंग्याच्या आधी मी मशीनपाशी असतो. मी! ज्याला तू पाणी मारून उठवायचीस.

रविवारी बाजारात जाऊन तुझं खेळणं बघून आलो. गाईड दहा वेळा सरकवला, पुढून मोजला, मागून मोजला, पातं हलतंय का बघितलं. दुकानदार वैतागला, ‘भाऊ, घ्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?’ म्हटलं, दोन्ही, बहिणीच्या बोटांचा प्रश्न आहे. त्याने मुकाट्याने चालू करून दाखवलं. गाईड दोन्ही टोकांना पक्का बसतो. मागची पट्टी पात्याबरोबरच वरखाली होते. दोन्ही हात लाकडावर असले तर बंद करायचं बटण गुडघ्यानेही दाबता येतं. मी एकट्याने उचललं, तूही उचलशील. शीट लागलीच तर प्लायवाल्याकडूनच चिरून आण. तुझं बरोबर होतं. बाबांना सांग, पण फार मोठ्याने नको.

आता हट्ट का सोडला, ते लिहितो. मोठ्या मशीनला मागे उभा राहायला एक माणूस लागतोच. तो माणूस मी, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. सहा महिन्यांत येतो, हे तीन वर्षं सांगत आलो. ते मशीन तुझ्याकडे आलं की माझी जागा धरून ठेवल्यासारखं होईल, असं वाटायचं. काका आता परत येणार नाहीत. फोरमनने मशीनवरची कायमची नोकरी देऊ केली आणि सोमवारी मी सही केली. ताई, मी सुट्टीला येईन, पण राहायला नाही येणार. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर हे बोलवलं नसतं, म्हणून पत्र. रागावलीस तर रागाव, पण मी इथे खरंच बरा आहे, आणि तू एकटीने चालवायचं मशीन तुझ्याच पसंतीचं असू दे. चांगल्या पात्यासकट त्याची पूर्ण किंमत पाठवतोय, परत पाठवायची नाही: एकतीस हजार चारशे.

तुझाच,
भिरभिऱ्या