ओवादियाचा उजवा पाय

रविवार, १२ मार्च

ओवादिया तयार झाला! दुपारी त्याची मुलगी याफा निरोप घेऊन आली. "काकू, बाबा म्हणाले, जोडा काढून घ्या म्हणावं." इतकी वर्षं नाही-नाही म्हणणारा दीर माझा! धर्मन्यायालयानं तुरुंगाची धमकी दिली असणार. दुसरं काय? त्याच्या दुकानात ऑलिव्हच्या पिंपांना जागा आहे, दयेला नाही.

माझा नवरा रहामीम गेला, पदरी मूल नाही. आम्हा यहुद्यांच्या, मोशेच्या कायद्यानं अशा वेळी भावानं एकतर विधवेशी लग्न करायचं, नाहीतर पाच माणसांदेखत तिला मोकळं करायचं. ती त्याच्या उजव्या पायातला जोडा काढणार, त्याच्यासमोर थुंकणार. तोवर तिला दुसरं लग्न नाही. ओवादियाला बायको होती. त्याला माझ्याशी लग्नही करायचं नव्हतं आणि मला सोडायचंही नव्हतं! "माझ्या भावाची बायको परक्याच्या चुलीशी उभी राहणार नाही." भर बाजारात ओरडला होता.

आणि मेनाशे माझ्यासाठी थांबला. टपाल कचेरीत माझ्या शेजारच्या खिडकीवर असायचा. दोघं निवृत्त झालो तरी थांबला. गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या घरी शोकाला बसायचाही मला हक्क नाही — मी त्याची कोण?

आता लग्न नको. मला थुंकायचंय.

सोमवार, १३ मार्च

धर्मन्यायालयात रब्बी अब्बोंना भेटले. पाच एप्रिल ठरली. "थुंकी न्यायाधीशांना दिसली पाहिजे, बाई. जमिनीवर, त्याच्यासमोर. अंगावर नाही."

"चुकून उडाली तर?"

"चुकू नका." दाढीतल्या दाढीत हसले.

घरी मोरीत सराव केला. हनुवटीवरच ओघळली! हा नन्सच्या शाळेचा प्रताप. अलेक्झांड्रियात सिस्टर आंजेलनी फ्रेंच शिकवलं, भरतकाम शिकवलं, काटा कुठल्या हातात धरायचा ते शिकवलं. थुंकणं राहिलं. आमच्या कायद्याला नाक मुरडायच्या — "डोळ्याबद्दल डोळा! किती निर्दय!" निर्दय नव्हे, सिस्टर. नेमका.

गुरुवार, १६ मार्च

याफा बोलता बोलता बोलून गेली — बाबांच्या अंगठ्याला जखम आहे, साखरेच्या आजारामुळे भरत नाही.

"कुठल्या पायाच्या?"

"उजव्या."

तशीच रब्बींकडे. पट्टी चालणार नाही म्हणाले, जोडा उघड्या पायावरच लागतो. आणि पायच कापावा लागला तर? त्यांनी चष्मा काढला. "गुडघ्याच्या वर कापला तर विधी होत नाही." मग मी? "तो जिवंत असेतो बांधलेली."

म्हणजे पाय घेऊन पळायचा बेत आहे बेट्याचा! तो पाय पाच तारखेपर्यंत माझा आहे. नंतर कुत्र्यांना घाला.

शुक्रवार, १७ मार्च

गेले त्याच्या घरी! कापूस, पट्ट्या, औषध, सगळं घेऊन.

"भाऊजी, पाय पुढे करा."

"वहिनी! मला वाटलं, तुम्ही एकदम मातीलाच याल."

"तिलाही येईन. आधी पाय."

बोटं काळीनिळी. वास असा की श्वास तोंडानं घेतला. जखम बांधायला नन्सनीच शिकवलं होतं, तेवढं कामी आलं. घट्ट बांधली, मुद्दाम. "जपून, वहिनी," म्हणाला, "हा पाय तुमचाच आहे." वर हसला! दात पाडावेसे वाटले.

मंगळवार, २१ मार्च

पुरीमचा सण. गल्लीत पोरं आमच्या जुन्या वैऱ्याच्या, हामानच्या नावानं खुळखुळे वाजवताहेत. माझा हामान खुर्चीत बसून मी केलेलं मुलुखियाच्या पाल्याचं सार ओरपत होता. मीठ कमी आहे म्हणाला.

मंगळवार, २८ मार्च

पट्टी रोजची. काळेपणा घोट्यावर चढलाय. आज खडसावलं — डॉक्टरांना दाखवा!

"दाखवलंय."

"काय म्हणाले?"

"पाच तारखेनंतर या म्हणाले."

कसले हे डॉक्टर! याफा उठून स्वयंपाकघरात गेली. तिलाही बापाची लाज वाटत असणार.

बुधवार, ५ एप्रिल

झालं!

उपाशीपोटीच जायचं असतं, तशी गेले. न्यायालयाचा चामडी जोडा, लांब वाद्यांचा, त्याच्या पायात चढवला. त्यानं भिंतीला टेकून पाय जमिनीवर दाबायचा असतो. दाबला. कपाळावरून घाम गळत होता. गळू दे. उजव्या हातानं गाठी सोडल्या, डाव्यानं पाय उचलला, जोडा ओढून काढला आणि भिरकावला. मग तोंड भरून थुंकले. पाचही जणांना दिसली!

"जो आपल्या भावाचं घर उभं करत नाही, त्याचं असंच होवो!" हिब्रूत म्हणायचं असतं. मेनाशेच्या थडग्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं.

ओवादिया जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नेम चांगला आहे, वहिनी."

घरी येऊन चार अंडी तळली, एकटीनं खाल्ली. सिस्टर आंजेल, बघताय ना?

गुरुवार, ६ एप्रिल

इस्पितळातून याफाचा फोन. पाय मांडीपासून कापला. विष रक्तात गेलंय, शुद्ध नाही. डॉक्टरांनी पुरीमच्या आधीच कापायला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, आधी वहिनीला मोकळं करतो. काकूंना सांगायचं नाही अशी शपथ घातली.

सकाळपासून तोंडाला कोरड आहे. पाणी पिऊनही जात नाही.