उभ्या गाडीचं ॲव्हरेज

३ फेब्रुवारी

तीनशे ऐंशी! टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि गाडी म्हणते — अजून तीनशे ऐंशी किलोमीटर जाईन. पडद्यावरच्या या आकड्याला रेंज म्हणतात. मी याला तोंडावर खोटं बोलणं म्हणतो.

टाकी बेचाळीस लिटरची. पुस्तिकेच्या हिशेबाने आठशे चाळीस जायला हवी. जाऊ दे — पुस्तिकेतला आकडा म्हणजे लग्न जमवताना सांगितलेला पगार, तो कुणी धरून बसत नाही. पण गाडी नवी होती तेव्हा पाचशे साठ दाखवायची, आणि तेवढी इमानेइतबारे जायचीही. पक्कं आठवतंय, कारण आई शेजारी बसून आकडा मोठ्याने वाचायची. "पाचशे साठ! एवढं कुठे जायचंय रे आपल्याला?"

कुठेच गेलो नाही. तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा दवाखाना, त्याच्या फाटकासमोरची ती कोंडी — आकडा घसरत गेला. तेव्हा कुणाचं लक्ष होतं? पण आई जाऊन आता सात महिने झाले. फेऱ्या संपल्या. गाडी फक्त हिच्या ऑफिसला जाते आणि परत येते. मग आकडा वर का येत नाही?

हिला विचारलं. कप विसळता विसळता म्हणाली, "दमली असेल."

"कोण?"

"गाडी."

६ फेब्रुवारी

पुस्तिका वाचून काढली. गाडी मागचे काही दिवस कशी चालली ते बघते आणि त्यावरून पुढचं भाकीत करते म्हणे. मागचं उगाळायचं आणि पुढचं सांगायचं! आमच्या समस्त नातेवाइकांसारखीच.

हे उद्योग का, तर आईवरचा लेख होत नाही. सात महिने संपादक मागे लागलाय — "आईवर लिहा हो, तुमच्या हातून उतरेल." आज पुन्हा बसलो. तिसऱ्या ओळीत विनोद झाला. फाडला.

१० फेब्रुवारी

मेकॅनिककडे गेलो. "प्लग बघितले, फिल्टर बघितला, चाकांतली हवा बघितली. गाडी ठणठणीत आहे, साहेब. चालवतं कोण?"

"बायको."

"अच्छा," म्हणाला. नुसतं अच्छा. पण त्या अच्छामध्ये माझा पुढचा लेख होता.

१५ फेब्रुवारी

लेख छापून आला — 'बायकोचा उजवा पाय'. ॲक्सिलरेटरवर पडणारा, संसारावर पडणारा, वगैरे. संपादकाचा सकाळीच फोन. "तुमची टाकी अजून फुल आहे, राव!" तीन वाचकांनीही कळवलं की त्यांच्या घरचा पायही असाच आहे.

वीस वर्षं माझं दुकान सासू-सुनांवर चाललं. सासू सुनेला म्हणाली, सून सासूला म्हणाली — कुणीही काहीही म्हणालं तरी लोक हसतात. प्रत्यक्षात आमच्या घरात त्या दोघी सत्ताधारी आणि मी एकटा विरोधी बाकावर. हे मात्र कधी लिहिलं नाही. खपलं नसतं.

हिने लेख उभ्या उभ्या वाचला. पेपरची घडी घातली. "छान झालाय."

हसली नाही. मला वाटलं, चष्मा लावला नव्हता म्हणून.

२६ फेब्रुवारी

पंपावर भांडून आलो.

रेंज शून्य दाखवेपर्यंत मुद्दाम थांबलो होतो. शून्यावरही टाकीत पाच लिटर शिल्लक असतं, माणूस रस्त्यात अडकू नये म्हणून. त्या टाकीत या गृहस्थाने चाळीस लिटर घातलं! पाच आणि चाळीस पंचेचाळीस. टाकी बेचाळीसची. मी म्हटलं, "वरचे तीन कुठे ओतलेत? माझ्या खिशात?"

"साहेब, नळीतपण मावतं ना. तोंडापर्यंत भर, तुम्हीच म्हणालात."

"म्हणजे टाकी बेचाळीसची नाहीच?"

"बेचाळीसचीच. पण बसतं जास्त." मागचे हॉर्न वाजवत होते. तो शांत. "आणि ते शून्य म्हणजे शून्य नसतंय साहेब. नका एवढं मनावर घेऊ."

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं, आवाज काढून, हातवारे करून. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाजी गरम करू?"

१ मार्च

रविवार. स्वतः गाडी घेऊन निघालो. हिच्याच ऑफिसच्या रस्त्याने, जाऊन येऊन, तीनदा. लिटरला साडेतेरा! म्हणजे गाडी निर्दोष, पंप निर्दोष, पेट्रोल निर्दोष. मोजणी पुन्हा शून्यावर आणून ठेवली. आता हा आठवडा हिचा.

शेजारच्या सीटवर पेपर टाकला होता, तो सारखा घसरत होता. सीट मागे रेललेली. वैताग.

६ मार्च

लिटरला नऊ. पण खरी गंमत दुसऱ्या आकड्यात. सरासरी वेग — अकरा! ऑफिस अकरा किलोमीटरवर. म्हणजे जायला तास आणि यायला तास? सकाळी तर अर्ध्या-पाऊण तासात हिचा 'पोचले' असा मेसेज येतो.

याचा अर्थ गाडी कुठेतरी उभी असते. इंजिन चालू ठेवून. कुठे? कुणाबरोबर?

बावन्नाव्या वर्षी संशय! गुडघ्यांना तेल चोळताना माणसाने हे असले विचार करू नयेत. केले. तिच्या साहेबांना डोळ्यांपुढे आणून पाहिलं — गालफुगे, टक्कल. त्यातल्या त्यात बरं वाटलं.

९ मार्च

ही आज फोन घरीच विसरली. दिवसभर टेबलावर पडून होता. संध्याकाळी वाजला, तिच्या ऑफिसातलं कुणीतरी. उचलला नाही, म्हटलं येईलच आता. आली नाही.

मागचं पार्किंग फक्त न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतं, तेही बादली उपडी घालून वर चढलं तर. चढलो.

गाडी आपल्या जागेवर. मागचे दिवे लागलेले, धूर निघतोय. ही स्टिअरिंगपाशी, एकटी. आणि बोलत होती! हात हलवून, मान वाकडी करून. गाल फुगवून साहेबांची नक्कलही केली. सगळं शेजारच्या सीटकडे बघून. सीट रिकामी. पार मागे रेललेली.

फोन माझ्या पाठीमागे टेबलावर पुन्हा वाजायला लागला.

मग ती हसली. डोकं मागे टाकून, खळखळून. आठ महिन्यांत मी तिला हसताना पाहिलेलं नाही. मी — ज्याचा धंदाच तो!

बेल वाजली तेव्हा मी पेपर उघडून बसलो होतो. "उशीर झाला?"

"ट्रॅफिक," म्हणाली.

१० मार्च

दवाखान्यातून आल्यावर आई लगेच उतरायची नाही. "दोन मिनिटं थांब गं. एसी राहू दे, जीव घाबरतो." दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. ही तिला सगळं सांगायची — ऑफिस, साहेब, कोण कुणाला काय बोललं. मी कधी बरोबर गेलो नाही. दवाखान्याचा वास सहन होत नाही, म्हणायचो. मी वर दार उघडायला असायचो. तीन तास सुया टोचून घेऊन आलेली बाई हसत हसत आत यायची! "काय चाललंय?" विचारलं की आई म्हणायची, "काही नाही रे, आमचं आपलं."

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने. आई सव्वा वर्ष चालली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, मलाही. शून्याखालचं ते पाच लिटर कुठून येत होतं, ते काल बादलीवर उभं राहिल्यावर कळलं.

आणि आता आई नाही, तरी ही रोज थांबते. एसी चालू ठेवते.

तीन जिने वर मी असतो. रोज. मोकळा.

११ मार्च

आज खाली गेलो. ठरवून. काही बोलायचं नाही, विनोद करायचा नाही, नुसतं जवळ बसायचं.

दार उघडलं. ही बोलता बोलता एकदम थांबली. मी शेजारी बसलो. सीट इतकी मागे की समोर नुसतं छत! असं कुणी बसतं का? खटका ओढला, पाठ सरळ केली. खट्!

हिने माझ्याकडे पाहिलं. मग सीटच्या पाठीकडे. किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"चला वर," म्हणाली.

लिफ्टमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पाठ आईने टेकवलेली होती. तिच्या मापाची, शेवटच्या फेरीतली. आठ महिने कुणी हात लावला नव्हता. त्या रविवारी मी त्याच सीटला खेटून बसून लिटर मोजत होतो!

जेवणं झाल्यावर एकटाच खाली गेलो, पाठ पुन्हा मागे टेकवली. एक खाच पुढे, एक खाच मागे. बरोबर तशी बसली का? ज्यांना सांगता येईल त्यांपैकी एक नाही, आणि दुसरीला विचारायची हिंमत नाही.

१३ मार्च

हिची बदली झालीय. दुसऱ्या गावी, मोठ्या शाखेत. याआधी तीनदा आली होती, आईसाठी नाकारली. या वेळी घेतली.

"अगं, मला सांगायचं तरी!"

"आज सांगतेय की."

"आणि ठरवलंस कधी?"

भांडं पुसत होती. पुसणं थांबलं नाही. "आईंना सोमवारी सांगितलं."

सोमवार. म्हणजे मी बादलीवर होतो तेव्हा. ती हसली होती तेव्हा.

मी म्हटलं, "मला दिसतेस तू. खाली. मला माहितीये."

"मला वाटलंच. परवा तुम्ही खाली आलात तेव्हाच."

"मग माझ्याशी बोल ना. मी काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो." फडकं झटकलं. "मी बोलायला लागले की तुम्ही ऐकत नाही, निवडता. धान्य निवडतात तसं. फक्त लोक खडे टाकतात, तुम्ही खडे ठेवता."

वाक्य फार चांगलं होतं. तसं मला त्याच क्षणी वाटून गेलं. आणि मला तसं वाटलं, हे तिला दिसलं. भांडं फळीवर ठेवून ती आत गेली.

२९ मार्च

सोडून आलो. दोन बॅगा, एक पिशवी. गाडी घेऊन जा म्हटलं, तर म्हणाली, "तिथे खोलीपासून ऑफिस चालत आहे."

निघताना मी पुढचं दार उघडून धरलं. ही मागे जाऊन बसली. "पुढे ये ना."

"नको. मागे बरं आहे."

आरशात बघून गाडी चालवली. रस्ता कमी, आरसा जास्त. शेजारची सीट आपली आडवी, माझ्याकडे न बघता.

बसच्या थांब्यापाशी पोचलो. अजून अवकाश होता. किल्लीवर हात ठेवून विचारलं, "थांबू या इथेच दोन मिनिटं? एसी राहू देतो."

"कशाला," म्हणाली. "पेट्रोल जाईल."

टोमणा नव्हता तो. टोमणा मला लांबून कळतो. ती खरंच माझ्या पेट्रोलची काळजी करत होती.

उतरताना तिने शेजारच्या सीटची पाठ हाताने चाचपली. बोटभर मागे केली.

१८ एप्रिल

आज येते म्हणाली होती. काम निघालं. फोनवर बोललो. जेवलात का? हो. तू? हो. गाडी काय म्हणते? बरी आहे.

मग मी म्हटलं, "सांग ना काहीतरी. ऑफिसचं." "काही विशेष नाही हो." ठेवला.

आईवरचा लेख झाला एकदाचा. एकही विनोद नाही. संपादकाने परत पाठवला — "चांगला आहे हो, पण तुमचा वाटत नाही."

रोज संध्याकाळी हिच्या जुन्या ऑफिसच्या रस्त्याने जाऊन येतो. काम काही नसतं. गाडी लावतो, बंद करतो, वर येतो.

१० मे

टाकी भरली. पाचशे साठ! पंपवाला काचेतून डोकावला. "झाली की साहेब गाडी दुरुस्त!"

घरी आलो. गाडी जागेवर लावली. अजून वर गेलेलो नाही, हे इथेच लिहितोय. एसी चालू आहे.

पाचशे एकोणसाठ.