नव्या पत्त्यावरची समई

सोमवार, ८ जुलै
आमची वेबसाइट आज पुन्हा बंद. ह्यांची तांब्याची भांडी कसब्याबाहेर दिसायची ती एवढीच खिडकी, तीही मिटलेली. बंगळूरच्या हॉटेलवाल्या बाई गुरुवारी साइट बघून घागरी-तांबे घ्यायचे की नाही ते ठरवणार. साइटला भाड्याने जागा देणारा हा होस्टिंगवाला बदलायचाच.
सूनबाई म्हणाली, "आई, रविवारी मी करून देते."
म्हटलं, पोळ्या शिकलीस ना माझ्याकडून? आता मला माझं शिकू दे.

मंगळवार, ९ जुलै
नव्या कंपनीकडे सगळी पानं चढवली. आता साइटचं नाव टाकलं की कुठल्या पत्त्यावर जायचं ते सांगणारे नेमसर्व्हर (यापुढे ने.स.) बदलले की झालं. नाव तेच, पत्ता नवा. समोर जुनं पान आलंय की नवं ते कळावं म्हणून नव्या पानाच्या कोपऱ्यात समईचं चित्र टाकलं. जुन्यावर नाही.

बुधवार, १० जुलै
देवापुढे साखर ठेवली. जुने ने.स. खोडले, नवे लिहिले, सेव्ह.
दुपारी कोथरूडच्या ऑफिसातून सूनबाई : "आई, समई दिसतेय!"
ह्यांना सांगितलं. "बरं." ठोके घालणं चालूच. पण ठोका मजेत पडत होता.
संध्याकाळी जुन्या जागेवरची सगळी पानं पुसून टाकली. भाड्याचं घर सोडताना केर ठेवून जाणं आपल्यात नाही.

गुरुवार, ११ जुलै
घोळ! विश्रांतवाडीहून धाकट्या बहिणीचा, नंदाचा फोन (तिलाही समई दिसते का बघ म्हटलं होतं) : "ताई, समई नाही, तांब्या नाही, नुसतं पांढरं! दुकान कुठे नेलंस?"
लगेच सूनबाईला विचारलं. हसली नाही, गुणाची पोर. "बदल सगळीकडे एकदम पोचत नाही, आई. एक-दोन दिवस काही जण जुन्याच पत्त्यावर जातात."
आणि मी तिथे केरसुणी फिरवून मोकळी!
पानांची प्रत होती माझ्याकडे. जुन्या घरी सगळं परत मांडलं. माझं मीच. दुपार झाली.
नंदा : "भांडी आली. समई नाही गं."
"येईल. घागर दिसते ना?"

शुक्रवार, १२ जुलै
नंदाकडेही समई लागली!
बंगळूरचा फोन नाही. बाईंनी काल सकाळी पाहिलं असेल तर... जाऊ दे.
सूनबाईने ऑफिसभर सांगितलंय, सासूने स्वतः ने.स. बदलले. चुकलेलंही सांगितलं म्हणे, आणि निस्तरलेलंही. छाती फुगली हो.
संध्याकाळी हे मागे येऊन उभे. आजवर पडद्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाले, "समईला एकच वात?"
उद्या पाच करते. बाई बघतील तेव्हा पाची तेवत असू देत.